सुमनकाकूंची लाल गिटार

हळदीकुंकवाला जाताना बायका पर्समध्ये काय नेतात? रुमाल, मोबाईल, फार तर परतताना भाजी घ्यायला एक पिशवी. आमच्या शेजारच्या सुमनकाकू पेचकस नेतात.

मी परंड्यात शाळेवर रुजू झाले, काकूंच्या शेजारी भाड्यानं खोली घेतली, आणि पहिल्याच संक्रांतीला देशमुखांच्या घरी हा प्रकार बघितला. काकूंनी हळदीकुंकू लावून घेतलं, वाण पिशवीत टाकलं, तिळगूळ तोंडात टाकला. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "उठ गं जरा. तुझी खुर्ची कुरकुर करायलीय. ढिली झालीय."

मी उठले. काकूंनी खुर्ची पालथी घातली, पर्समधून पेचकस काढला आणि भर हळदीकुंकवात, जरीच्या पदराची गाठ मारून, चारी पाय आवळले. देशमुखांच्या सूनबाई अत्तरदाणी हातात धरून नुसत्याच उभ्या. बाकीच्या बायका मात्र निवांत गप्पा मारत होत्या. कुणाला त्यात काही नवल वाटलं नाही. उलट देशमुखांच्या आजीच म्हणाल्या, "सुमन, जाता जाता आमच्या न्हाणीघराची कडीबी बघ. लागत न्हाय ती."

"ढिलं आहे" हा काकूंचा आवडता शब्द. जग त्यांच्या लेखी दोनच भागांत वाटलेलं आहे: आवळलेलं आणि ढिलं. कुर्डुवाडीच्या गाडीत बसल्या तर समोरच्या सीटचा दांडा आवळतात. येरमाळ्याला भाचीच्या लग्नात मुलाकडची मंडळी मानपानावरून रुसली, तेव्हा काकू स्टेजवर वरच्या पंख्याकडं बघत होत्या. त्यांना कुणीतरी समजूत घालायला बोलावलं तर म्हणाल्या, "रुसलेले उतरतील खाली. तो पंखा उतरला तर काय करता?"

कुणी एखादी वस्तू टाकायला निघालं की त्या आडव्या येतात. "मोडलंय, मेलं न्हाय!" हे त्यांचं दुसरं वाक्य. त्यांनी दुरुस्त केलेलं सगळंच चालतं असं मात्र कुणी समजू नये. माझा मिक्सर त्यांनी असा काही बरा केला, की खोबऱ्याची चटणी छतावर जाऊन बसली. मी तक्रार केली तर वर बघत म्हणाल्या, "बघ की, ताकद किती आली त्याला!"

त्यांचे यजमान दिगंबरकाका म्हणजे अगदी उलट. शांत माणूस. बाजार समितीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, अंगणातल्या बाजेवर वर्तमानपत्र. त्यांना ऐकायला कमी येतं. म्हणजे आधी कमी यायचं, आता फारच कमी येतं. मी भिंतीवरून ओरडायची, "काका, लाईट गेली का?" काका पेपर खाली घेऊन विचारायचे, "कोण, ताई गेली? आली कवा होती?"

बार्शीहून कानाचं यंत्र आणलेलं होतं. ते सदऱ्याच्या खिशात असायचं. कानात घातलं की भांड्यांचं कपाट अंगावर पडल्यासारखं वाटतं, असं काका म्हणायचे. एके काळी ते भजनी मंडळात पेटी वाजवत. मंडळी पुढं गेली तरी आपली पेटी मागच्याच ओळीवर आहे, हे एकदा कुणीतरी हातवारे करून दाखवलं, आणि त्या दिवसापासून काकांनी जाणं बंद केलं. घरी पेटी उघडली तरी सूर ऐकू येईना, म्हणून तीही पुतण्याला देऊन टाकली. हे मला गल्लीतल्या लोकांनी सांगितलं. काकूंनी कधी त्यातला शब्द काढला नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकू पोत्यात काहीतरी लांबलचक गुंडाळून घेऊन आल्या. गल्लीत लगेच चर्चा. कुणी म्हणालं बंदूक, कुणी म्हणालं फवारणीचा पंप. काकूंनी अंगणात पोतं सोडलं. आतून लालभडक इलेक्ट्रिक गिटार निघाली. खरं तर तिचे दोन तुकडे निघाले असतेच; पण मान तडकून नुसती एका बाजूनं धरून राहिली होती, म्हणून एकच निघाला. तारा गंजलेल्या. पाठीमागचं झाकण गायब, आणि त्या भोकातून वायरी शेवयांसारख्या लोंबत होत्या.

"भंगारवाल्या इस्माईलभाईकडनं आणली," काकू म्हणाल्या. "ते म्हनत होते, 'आपा, इसमें कुछ नै बचा.' म्या म्हनलं, भाई, मोडलीय, मेली न्हाय."

"पण काकू, गिटार? तुम्ही करणार काय हिचं?"

"करायचंय काय? नीट करायची."

"आणि नीट झाल्यावर?"

"आधी नीट तर होऊ दे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

पुण्याहून मुलीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं सगळ्या गल्लीनं ऐकला. "आई, या वयात गिटार?"

"मग कोनत्या वयात? तुझ्या वयाची होते तवा म्या गोठ्यात शेण काढत होते. तवा सवड न्हवती."

मग सुरू झाला तो सोहळा. मान चिकटवायला सुताराकडून सरस आणला. चिकटवलेली मान दाबून धरायला शिकंजा हवा होता, तो काही मिळेना. काकूंनी दोन पाटांमध्ये गिटार ठेवली, वरून चऱ्हाटानं करकचून बांधली आणि त्यावर जात्याचा वरचा दगड ठेवला. तेवढ्यात गॅस सिलिंडरवाला आला. काकू म्हणाल्या, "भाऊ, ती टाकी जरा त्या पाटावर ठिवून जा." तो बिचारा टाकी ठेवून निघाला, आणि दारात थांबून म्हणाला, "मावशी, खाली काय लोणचं हाय का?"

मान बसली. किंचित तिरकी बसली, पण बसली. मग काकूंनी पॉलिश पेपर घेऊन गिटार घासली. अंगणात लाल भुकटी पसरली, ती काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर बसली, आणि काका रंगपंचमी खेळून आल्यासारखे दिसायला लागले. ते पेपर झटकायचे, बायकोकडं बघायचे, आणि पुन्हा वाचायला लागायचे.

वायरी जोडण्यासाठी काकू मोबाईलवर व्हिडिओ बघायच्या. त्यातला माणूस इंग्रजीत बोलायचा, म्हणून मला दुभाषी नेमलं होतं. "ही गोरी मानसं लई बडबड करत्यात," काकू वैतागायच्या. "काळी वायर कुठं, तेवढं इचार त्याला." व्हिडिओतल्या माणसाला विचारता येत नाही, हे मी समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग एवढं कशाला बोलायलाय तो?"

सोल्डरिंगच्या कांडीनं साडीच्या काठाला भोकं पडली. तारा नव्हत्या, म्हणून पहिल्यांदा मोटारसायकलच्या क्लचची तार ताणून बघितली. ती सटकन तुटली आणि तुळशीवृंदावनावरची पणती घेऊन गेली. शेवटी मीच मोबाईलवरून खऱ्या तारा मागवल्या. आवाज कमीजास्त करायचं बटण हरवलेलं होतं. काकूंनी घरभर नजर फिरवली आणि गॅसच्या शेगडीचं बटण उपटून तिथं बसवलं. अगदी फिट्ट बसलं. त्यामुळं गिटारीवर 'सिम' कुठं आणि 'फुल' कुठं हे छान कळायला लागलं. शेगडी मात्र तेव्हापासून पकडीनं पेटवावी लागते.

गिटार पहिल्यांदा वाजवली तो रविवार गल्ली विसरणार नाही. गणेश मंडळाचा ॲम्प्लिफायर आणि मोठा कर्णा मागून आणला होता. बायका, माणसं, देशमुखांच्या आजी, सगळे अंगणात जमले. काकूंनी नारळ फोडला, गिटारीला हळदकुंकू वाहिलं, वायर खोचली आणि बटण फिरवलं. चुकून एकदम फुलवर.

आधी भुंऽऽऽ असा आवाज आला. मग कर्णा असा किंचाळला की किल्ल्याकडची कबुतरं एकदम आभाळात. देशमुखांच्या आजी कानावर हात ठेवून ओरडल्या, "तेरखेड्याचा फटाक्यांचा माल फुटला गं बाई!" पलीकडच्या गल्लीतून माणसं पळत आली. त्यांना वाटलं, विजेची डीपी जळाली.

"सिमवर करा काकू, सिमवर!" मी ओरडले.

सिमवर केलं तरी भुंऽऽ चालूच. काकूंनी तारांवर हात ठेवला आणि आवाज बंद झाला. हात उचलला, पुन्हा भुंऽऽ. काकू खूश. "बघ, हात ठिवला की गप बसतीय. आमच्या नातवागत हाय." मग पुन्हा तो गोरा माणूस, पुन्हा मी दुभाषी, आणि एक वायर जिथं टेकायला हवी तिथं टेकतच नव्हती असं निघालं. ती टेकवल्यावर भुणभुण थांबली. काकूंनी जाड तार छेडली. ढंऽऽग! असा भरदार, गोल सूर अंगणभर फिरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाला एकेकदा तार छेडायची होती. देशमुखांच्या आजींनी देवाला घंटा वाजवावी तशी छेडली आणि नमस्कार केला. काकूंनी सगळ्यांना खोबऱ्याचा तुकडा वाटला. त्या गर्दीत मला दिसलं, की काकूंचं लक्ष लोकांकडं नव्हतं. त्या सारख्या बाजेकडं बघत होत्या. काका मात्र त्या दिवशी बाजेवर नव्हतेच. एवढी माणसं आली, कोण काय बोलतंय कळणार नाही, म्हणून ते केव्हाच रामराम करून मळ्याकडं निघून गेले होते.

पुढच्या आठवड्यात काकू माझ्याकडं आल्या. "वैशाली, तुज्याकडं ते हाय का गं, कान झाकायचं? मोठं?"

ऑनलाइन प्रशिक्षणासाठी घेतलेला हेडफोन माझ्याकडं होता. काकूंच्या मुलीनं पुण्याहून एक काडेपेटीएवढी डबी पाठवली होती. ती गिटारीला खोचायची आणि हेडफोन डबीला. मग कर्ण्याची गरज नाही. ही मुलगी तीच, 'या वयात गिटार' म्हणणारी.

मी हेडफोन घेऊन गेले. दुपारची उन्हं अंगणात उतरली होती, काका पेपर वाचत होते. काकूंनी काही न सांगता हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला.

"हे काय टोपडं घालतीस मला?" काका म्हणाले.

काकू बाजेच्या कडेला टेकल्या, गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार छेडली. आम्हाला नुसतं टिक ऐकू आलं. काकांनी पान उलटलं. काकूंनी आवाज थोडा वाढवला, पुन्हा छेडली. काका वाचतच होते. अजून थोडा वाढवला. तार छेडली.

काकांचा हात पानावरच थांबला. त्यांनी मान वर केली आणि आधी दाराकडं बघितलं, मग झाडाकडं, मग बायकोच्या मांडीवर. काकूंनी दुसरी तार छेडली. पहिली. परत दुसरी. काकांनी डोळे मिटले.

आणि काका मोठ्यांदा म्हणाले, "अगं, ही दुसरी उतरलीय!"

"काय?" काकू म्हणाल्या.

"दुसरी! सूर उतरलाय तिचा. वर घे!" कान झाकलेले असल्यामुळं ते ओरडतच होते. काकू खुंटी पिळायला लागल्या. "अजून. अजून थोडी. अगं लई वर गेलीस, खाली ये! हां… हां… बास!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता लागली."

काकू एकदम उठल्या. "दूध ठिवलंय गॅसवर," असं म्हणत आत गेल्या. मी मागोमाग गेले. गॅसवर काही नव्हतं. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या. रडताहेत की हसताहेत ते कळेना, दोन्ही चाललं होतं.

"गनपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी आलती न्हाय का," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "सगळी नाचायलेली. हे दारात हुबे. आन् मला म्हनले, तो गिटारवाला बेसूर हाय. किती वर्षांनी ह्यांना कायतरी ऐकू आलं गं! एवढ्या दिसात 'जेवायला वाढ' आन् 'झोपतो' ह्याच्यापुढं बोलणंच न्हवतं. म्या वरडून वरडून दमले, हे 'काय, काय' करून दमले. मग दोगंबी गप. घरात बसवत न्हवतं मला, म्हनून जायची मी कुनाच्याबी घरी, हे आवळ, ते आवळ." त्यांनी नाक ओढलं. "त्या गिटारवाल्याला गाठून इचारलं, बाबा, तुझं हे एवढं आत कसं जातंय? तो म्हनला, वायरीतनं जातं, मावशी. पाहिजे तेवढं वाढवता येतं."

बाहेरून काकांची हाक आली, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशी. "सुमन! कुठं गेलीस? तिसरी राहिलीय की!"

"आले, आले," काकू म्हणाल्या. ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी म्हणाल्या आणि लगबगीनं बाहेर गेल्या.

आता रोज दिवेलागणीला हा कार्यक्रम असतो. काकूंना वाजवता येत नाही. काका बोटानं तार दाखवतात, काकू ती छेडतात. कुठल्या तारेनंतर कुठली, असं करत करत त्यांनी एका जुन्या भजनाची अर्धी ओळ बसवली आहे. परवा पुतण्या पेटी परत देऊ का म्हणून विचारायला आला होता. काकांनी हात हलवला, "ती राहू दे तुझ्याकडं. आमचं हिकडं चाललंय."

कर्णा मंडळाला परत गेला आहे, त्यामुळं गल्लीत कुणाला काही त्रास नाही. भिंतीपलीकडून बघितलं तर बाजेवर दोन म्हातारी माणसं दिसतात. एकाचे डोळे मिटलेले, मान डुलतेय. दुसरी गिटारीकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत तारा छेडतेय.

मी एकदा विचारलं, "काकू, सगळा आवाज तर काकांच्या कानात जातो. तुम्हाला काय ऐकू येतं?"

"टिकटिक," त्या म्हणाल्या. "आन् मधनंच ह्यांचं 'व्वा!'"