परबमामांची हवातपासणी

परबमामा कुणाच्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत. आधी खिडक्या लावायचे. एकच खिडकी बोटभर उघडी ठेवायचे, फटीतून आलेल्या कवडशासमोर मान वाकडी करून उभे राहायचे आणि यजमानांना म्हणायचे, "बघा. ह्ये तुम्ही खाताय."

कवडशात चादरीचे, लोकरीचे, कापसाचे बारीक तंतू निवांत तरंगत असायचे. तोपर्यंत सुखाने श्वास घेणारा माणूस मग चहा पितानाही कपावर हात धरायचा.

मामा मालवणकडचे. उभी हयात गिरणीच्या कार्ड खात्यात गेली. तिथे कापूस पिंजला जातो आणि माणूसही. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मामा अंधेरीच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. तिथे नुसतं गेटवर बसायचं. त्यामुळे कापसाशी असलेलं जुनं वैर काढायला ते राहायचे ती आमची कांदिवलीची बिल्डिंग त्यांच्या तावडीत सापडली.

रविवारी ते स्टूल आणि ओलं फडकं घेऊन निघायचे. पंख्याच्या पात्यावरची काळी जळमटं फडक्यावर घेऊन घरच्या बाईच्या नाकासमोर धरायचे आणि सुनवायचे, "दिसतंय ते कमी, जातंय ते जास्त!" आमच्या आईने एकदा ते येताहेत कळल्यावर आतून कडी लावून घेतली. मामा बाहेरून म्हणाले, "हरकत नाय वहिनी, पायपुसण्यापासून सुरुवात करतो," आणि आमचं पायपुसणं आपटायला गच्चीवर घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या शेटजींनी हौसेने भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा टाकला, तेव्हा मामा उंबऱ्यातूनच परतले. "ही सतरंजी नाय शेटजी. घरात गिरणी आंथरलीत तुम्ही."

गल्लीत गाद्या पिंजणाऱ्याची धनुकली वाजली की मामा बनियनवर खाली धावायचे. भांडायला नव्हे. त्याला मैदानाच्या पार टोकाला नेऊन बसवायचे, त्याच्या नाकाला ओला रुमाल बांधायचे आणि खिशातला गूळ काढून द्यायचे. गूळ खाल्ला की घशातला कापूस खाली उतरतो, ही गिरणीतली श्रद्धा.

आम्ही हे हसण्यावारी न्यायचो. पण मामांची कुंदा लग्नाची झाली आणि हसू आटोपतं घ्यावं लागलं. कुंदाला लहानपणापासून दमा. ऑफिसातला दिलीप राणे तिने स्वतःच पसंत केलेला. मुलुंडचा, निर्व्यसनी, सरळ. आता फक्त मुलाचं घर बघून होकार द्यायचा होता. मामी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. मामांनी सोबतीला मला घेतलं, तेव्हा मामींनी मला बाजूला ओढून बजावलं, "त्यांना खिडकीपाशी जाऊ देऊ नको रे बाबा."

मी मामांना खिडकीपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत बसवलं. उपयोग शून्य. कोपऱ्यात टोपलीभर कापूस! दिलीपची आई स्वतःच्या देवांसाठी आणि अर्ध्या शेजारासाठी वाती वळायची.

मामा उठले. धडाधड खिडक्या लागल्या. एकीची तेवढी बोटभर फट उरली.

"बघा विहीणबाई. ह्ये तुम्ही खाताय."

राणेबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "एवढी वर्षं वाती वळतेय मी. आमच्यात कोण खोकत नाय."

"माझी पोरगी खोकते," मामा म्हणाले.

मी मनात म्हटलं, वाट लागली. मुलीचं दुखणं लग्न होईपर्यंत सात पडद्यांआड ठेवायचे ते दिवस. आणि इथे बापानेच पोहे निवायच्या आत सांगून टाकलं!

"थंडीत उशीला टेकून बसून झोपते ती. नको असली तर आत्ता सांगा, मी रागावणार नाय. पण घेतलीत तर हा कापूस घरात नको." एवढा भांडकुदळ माणूस हात जोडून उभा होता, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

राणेबाई म्हणाल्या, "दिल्याने मला कधीच सांगितलंय. नको असती तर पोहे केले असते काय मी? वाती देवळाच्या ओट्यावर बसून वळीन. आता त्या खिडक्या उघडा, जीव गुदमरला माझा!"

लग्न झकास झालं. हॉलच्या पडद्यांवरून मामांनी मॅनेजरला काय ते सुनावलंच, पण एकंदरीत झकास.

पाठवणीच्या वेळी कुंदा मामींच्या गळ्यात पडून रडली आणि मग बापाकडे वळली. मामा दोन पावलं मागे सरकले. "थांब, थांब," म्हणाले आणि अंगातला नवाकोरा शर्ट झटकायला लागले. खांदे झटकले, बाह्या झटकल्या, केस झटकले. वऱ्हाडी हसले. मीही हसलो. कुंदा मात्र हसली नाही.

मामी डोळे पुसत मला म्हणाल्या, "गिरणीतून आले की पोर धावत जायची, आणि हे तिला असंच दारात थांबवायचे. अंगभर कापूस असायचा ना. आंघोळ करून येईपर्यंत ती रुसून झोपलेली असायची. एवढी मोठी झाली, पण कामावरून आल्या आल्या कधी पोटाशी धरली नाय त्यांनी."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मामांचं झटकणं चालूच होतं. कुंदाने पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाबा," ती म्हणाली, "गिरणी बंद झाली."

मामांनी एकदा स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मग लेकीला जवळ घेतलं, आणि गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला तरी सोडलं नाही.