सतरा नंबरचं दार

नागोयातल्या त्या भुयारी मेट्रो स्टेशनाला बाहेर पडायची चोवीस दारं होती, आणि चोवीसच्या चोवीस आपल्याला तोंडपाठ आहेत असं हिरुकावा साहेबांचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचंही नव्हतं!

मुलगी चिनामीच्या लग्नाची बोलणी होती. मुलाकडचे साडेबाराला सतरा नंबरच्या दाराबाहेर, वाम माशाच्या खानावळीत भेटणार होते.

"अहो, त्या गणवेशातल्या बाईंना विचारू या ना," बायको सेत्सुयो म्हणाली.

"रस्ता गावंढळ माणसं विचारतात! तुम्ही दोघी बसा विचारत. तुम्ही येईपर्यंत मी ढेकर देत असेन!"

आणि साहेब तरातरा निघाले. फोन बायकोच्या पर्समध्येच राहिला.

पहिला जिना चढले तो थेट बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानात! मान खाली घालून परतले. दुसरा जिना सायकलींच्या तळावर निघाला. तिसरा चढले, तर पुन्हा तेच दुकान!

"पुन्हा आलात? या वेळी माप आणलंत का?" विक्रेतीनं अदबीनं वाकून विचारलं.

घाम पुसत ते खाली आले. भिंतीवरच्या नकाशापुढे मिठाईचा खोका घेतलेला एक काळा सूट बैलासारखा उभा होता.

"सरका! शाळेत नकाशा शिकवला नव्हता वाटतं?"

"शिकवला होता. तुम्हाला वाचता येतोय ना? मग सांगा, आपण कुठे आहोत?"

"जमिनीखाली!"

"वा! काय ही विद्वत्ता!"

"तुम्हाला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. पाय मोकळे करतोय."

"मीसुद्धा!"

पण माणूस ठाम पावलं टाकत निघाला, म्हणजे वाट ठाऊक असणार, असं समजून साहेब गुपचूप त्याच्या मागे. वळणावर तो थांबे, साहेब पुढे होत, मग तो मागे! एकाच शेवयांच्या दुकानाला दोघांनी चार प्रदक्षिणा घातल्या.

शेवटी काळा सूट बाकावर कोसळला. "मेलो! मुलीचा बाप भलता घमेंडखोर आहे म्हणतात. आता नाक मुरडेल."

"माझंही तेच हो! मुलाचा बाप कुणी अकुत्सु म्हणून खडूस मास्तर आहे."



"मीच अकुत्सु," काळा सूट म्हणाला.

एवढ्यात कर्णा घुमला. "हिरुकावा आणि अकुत्सु या दोन हरवलेल्या आजोबांनी आहेत तिथेच थांबावं! घरची मंडळी काळजीत आहेत!"

सगळं स्टेशन वळून बघायला लागलं. गणवेशातल्या बाईंनी दोघांना खानावळीत पोचवलं तेव्हा दोन वाजले होते. ताटं रिकामी होती आणि विहिणी टाळ्या देऊन हसत होत्या.

"बोलणी?" हिरुकावांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"झाली की! तारीखसुद्धा ठरली," सेत्सुयो म्हणाली.

"आमच्याशिवाय? इतक्या लवकर?"

"तुमच्याशिवाय, म्हणूनच इतक्या लवकर! लग्नाचा हॉल कुठल्या स्टेशनजवळ आहे ते तुम्हा दोघांना कळवायचं की नाही, त्याचा विचार आता आम्ही विहिणी करतोय."