पूरा लोग भेजो

आमच्या शेजारच्या परबकाकांना तुम्ही नुसतं "काका, आज पाणी कमी आलं" एवढं म्हणून बघा. ते चष्मा लावतात, खिशातून पेन काढतात आणि म्हणतात, "नंबर लिहून घे. दोनशे अठरा." तुमची तक्रार नोंदली गेली. पाणी येत नाही, पण नंबर येतो.

काकांची सगळी नोकरी टेलिफोनच्या तक्रार विभागात गेली. घरचा फोन बंद पडला की लोक पानवाल्याकडून फोन करून त्यांच्यावर ओरडायचे आणि काका शांतपणे नंबर द्यायचे. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून त्यांनी घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या तक्रारी लिहायला घेतल्या. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "काका, माझं लग्न जमत नाही." त्याचाही नंबर मिळाला, एकशे चार. तो अजून प्रलंबित आहे.

असे हे काका गेल्या दिवाळीआधी स्वतःच तक्रारदार झाले, आणि इतका घाबरलेला माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू लुळी पडली आणि जीभ वळेनाशी झाली. डोकं मात्र शाबूत, आणि रागही शाबूत. त्यांच्या भाच्याने घरी एक जुना कॉम्प्युटर आणून त्यात लिनक्स टाकून दिलं. काकू एका बोटाने मराठी टाइप करतात आणि मशीन ते मोठ्याने वाचतं. आवाज बँकेत टोकन नंबर पुकारणाऱ्या मशीनचा आणि भाषा काकूंची मालवणी. "अवो. खंय. उलथलात." सगळा मजला ऐकतो. त्या आवाजाच्या भरवशावरच काका खाली दूध आणायला जात, गॅलरीच्या टोकाला संडासाला जात.

एका रविवारी काकांनी कॉम्प्युटर पुसून लख्ख केला, स्क्रीनवर 'अपडेट' असं आलं होतं तेही केलं, आणि आवाज गेला. काकू टाइप करताहेत, अक्षरं उमटताहेत, मशीन गप्प. भाचा बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. त्याला फोन लागेना.

काकांनी माझं दार ठोठावलं. "तू कॉम्प्युटरवर असतोस ना?"

मी लोअर परळच्या एका ऑफिसात लोकांच्या रजा भरतो. कॉम्प्युटर बिघडला की खुर्ची मागे सरकवून चहाला जातो, एवढंच माझं त्यातलं ज्ञान. तरी गेलो. आवाजाचं बटण शंभरावर नेलं आणि काकांइतकाच हताश होऊन बसलो.

तेव्हापासून काका घराला बांधले गेले. काकूंच्या हाताशी एक चमचा आणि स्टीलची वाटी ठेवली होती, हाक मारायची तर वाजवायला. चमचा खाली पडला की संपलं. काका संडासाला धावत जायचे आणि धावत यायचे, लेंग्याची नाडी हातात. दूध मी आणायचो. घरात असले की काका स्क्रीनला नाक लावून काकूंचं लिहिलेलं स्वतः मोठ्याने वाचायचे, शब्द न गाळता. "'तुमका अक्कल नाय.' बरं. पुढे?"

आता या फुकटच्या सिस्टीमला ना दुकान, ना कंपनीचा माणूस. वापरणारेच एकमेकांच्या अडचणी सोडवतात. फोनवर त्यांचा एक गट मला सापडला, त्यात काकांना घातलं.

"नंबर कधी देतात?" काकांनी विचारलं.

"नंबर नसतो काका. आपण लिहायचं, ज्याला येतं तो उत्तर देतो."

"आणि कुणालाच नाही आलं तर?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी लिहिलं, "सर्व तंत्रज्ञ बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार. आपण सहकुटुंब खुशाल असाल अशी आशा आहे." आवाज गेल्याचा उल्लेख सतराव्या ओळीत आला. कुणी लिहिलं, "अंकल, शॉर्ट में." पण 'चकली' असं नाव घेतलेल्या कुणीतरी सगळं वाचलं होतं. काकांनी लगेच "आदरणीय चकलीजी" असा मायना घातला.

शनिवारी सकाळी मी अर्धी दाढी केली असताना काका आले. "चल. सगळ्यांना बोलावलंय."

"कुणी?"

त्यांनी फोन पुढे केला. चकलीने इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं होतं. 'पहले पूरा', मग एल-ओ-जी, मग 'भेजो'. काकांनी ते 'लोग' असं वाचलं होतं. मला वाटतं, मीही तसंच वाचलं असतं.

"आधी सगळी माणसं पाठवा म्हणतात," काका म्हणाले. "घरात कोण कोण आहे हे विचारणारच. आम्ही नव्हतो विचारत?"

त्यांच्या खोलीत मजल्यावरची चौदा माणसं उभी होती, त्यांत एक कडेवरचं. कुणाला काही पटलं होतं असं नाही. पण काकूंचा आवाज परत येत असेल तर उभं राहायला आपलं काय जातं, हा हिशेब प्रत्येकाने केला होता. मधे खुर्चीत काकू, डोळे वटारून. त्यांच्या शेजारी स्टुलावर कॉम्प्युटरचा डबा, तोही पाठमोरा, कारण "बिघाड नेहमी मागच्या बाजूला असतो." मी अर्ध्या दाढीने कडेला उभा राहिलो. फोटो गेला, खाली सगळ्यांची नावं, वयं आणि नाती.

तासभर गट गप्प होता. मग हसऱ्या तोंडांची रांगच्या रांग आली. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात चकलीने मराठीत लिहिलं, "काका, लोग नाही, लॉग. म्हणजे मशीनची नोंदवही. काय काय घडलं ते मशीन स्वतःच लिहून ठेवतं."

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. "मशीन नोंद ठेवतं?" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटरशी जरा आदराने वागू लागले. चकलीने सांगितलेली आज्ञा टाइप केल्यावर चारेकशे ओळी निघाल्या. त्या काकांनी आधी स्वतः वाचल्या. न वाचता पुढे पाठवायची त्यांना सवय नाही.

चकलीचं उत्तर आलं, "लॉगमध्ये काही दोष दिसत नाही." त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. काका फोन मांडीवर घेऊन बसून असायचे. "चकलीजींची तब्येत बरी असेल ना रे?" मला विचारायचे. जेवण अर्धं टाकायचे. एकदा हळूच म्हणाले, "मी मोरीत पडलो तर तिला ओरडतासुद्धा येणार नाही." मी दुधाची पिशवी ठेवून निघून आलो.

तिसऱ्या दिवशी चकलीचा निरोप आला. "काका, तुमचा तो फोटो परत बघितला. डब्याच्या मागे स्पीकरची वायर गुलाबी भोकात आहे. ती हिरव्या भोकात हवी."

काकांनी डबा फिरवून बघितला. पुसताना त्यांनीच वायर काढली होती आणि त्यांनीच लावली होती. "तक्रार ग्राहकाच्या बाजूची," ते म्हणाले. "हे वाक्य हजारो लोकांना ऐकवलं मी. त्यांना किती लागलं असेल रे."

वायर बदलली. मजला पुन्हा दारात जमला. काकूंनी बोट उचललं आणि मशीन बोललं, "आता. दाढी. करा." माझी झाली होती. काकांची राहिली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकांनी चकलीजींना आभाराचं पत्र लिहायला घेतलं. चकली कोण, कुठली, बाई की बुवा, आम्हाला आजतागायत माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर शेजारून टोकनवाला आवाज येईना. पिशवी दारातच टाकून आत गेलो. काका स्क्रीनला नाक लावून बसले होते.

"पुन्हा गेला?"

"नाही," काका म्हणाले. "तिनेच बंद करायला लावला. मी बाहेर गेलो की मशीनने बोलायचं. घरात असलो की मी वाचायचं म्हणते." मान वर न करता त्यांनी हे इतक्या घाईने सांगितलं की मला त्यांच्याकडे बघायचा संकोच वाटला.

काकूंचं बोट चाललंच होतं. ओळ पुरी झाली. काकांनी ती आपल्या तक्रार विभागाच्या आवाजात भरभर वाचली, "'सावकाश वाचा. मी खंय पळान जातंय?'"

मग ते थांबले, चष्मा पुसला आणि तीच ओळ पुन्हा वाचली, सावकाश.