साळवे गुरुजींचं ऊन

भोकरदनच्या रस्त्यावर ओळखीचा माणूस भेटला की तो जेवलात का म्हणून विचारतो. आमचे साळवे गुरुजी विचारायचे, "उन्ह खाल्लं का?" नाही म्हटलं की दंड धरून पटांगणात नेऊन उभं करायचे.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. ते विज्ञान शिकवत, म्हणजे वर्षभर ड जीवनसत्त्वच शिकवत. दुधातलं कॅल्शियम हाडात मुरायला ड लागतं, कोवळं ऊन अंगावर घेतलं की ते आपलं आपण तयार होतं, आणि तेही "बिलकुल फुकट". ऐकून ऐकून माझे कान किटले होते. सहामाहीला 'ड जीवनसत्त्व कशापासून मिळते?' याचं उत्तर एका पोरानं 'साळवे गुरुजींपासून' असं लिहिलं, तर यांनी पूर्ण गुण दिले. आता बोला.

आणीबाणी उठली त्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. आईनं रिवाजाप्रमाणे बाळंतिणीच्या खिडकीला बारदान ठोकलं. सव्वा महिना लेकरू बाहेर काढायचं नाही. वारं लागतं, नजर लागते. हे गुरुजींना कळलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. रोज सकाळी अंगणात हजर. लेकरू उन्हात आणा, मुडदूस होईल, हाडं वाकतील. आत आई भांडी आदळायची. मी हात जोडले, शाळेत अबोला धरला, पण हा माणूस हटेना.

शेवटी आईच बाहेर आली. "गुरुजी, तुम्ही किती लेकरं वाढवली?"

"एकच, माय. मुडदुसानं तिचे पाय वाकले. आम्हाला वाटलं नजर लागली, म्हणून तिला अजूनच आत ठेवली."

त्यांना मुलगी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आई आत गेली. गोधडी आणून अंगणात अंथरली, लेकराला उघडं करून उन्हात ठेवलं. गुरुजी कौतुकानं वाकले आणि एकदम मागे सरले, पार कुंपणापर्यंत. त्यांची सावली लेकरावर पडली होती. आईचा चेहरा उतरला. गुरुजी बौद्ध, आम्ही गावातले जुने जमीनवाले. सावलीवरून माणसांना कसं हाकलत, ते तिनं लहानपणी पाहिलं होतं.

"मागं सरू नका, गुरुजी," ती म्हणाली. "या घरात आता विटाळ पाळत न्हाईत."

"त्याच्यासाठी न्हाई सरलो, माय. लेकराचं उन्ह अडत होतं."