'मैं करेगा'वाले वाल्टर सार

वाल्टर सारसमोर कोणी काम हातात घेतलं का ते हिसकून घ्यायचे. झाडू, बादली, खडू, काहीही. हिसकताना म्हणायचे, "मैं करेगा." कॅनडाहून तीन महिन्यासाठी आले होते, तेवढीच हिंदी शिकून.

आमची मिशनची शाळा नार्नूरच्या रस्त्यावर, पाचवीपर्यंत. दर थंडीत परदेशातून कोणी ना कोणी तिथं सेवा करायले यायचं. सेवा म्हणजे भिंत रंगवणं. पाहुणे गेले का पोट्टे पाठी टेकू टेकू भिंत मळवायचे, म्हणजे पुढच्या पाहुण्याले काम राहावं. सगळं सुरळीत होतं.

वाल्टर सारनं भिंत दोन दिवसात संपवली अन् मोकळे झाले. तिथून आमचे हाल सुरू.

हेडमास्तर एकदा तुटकी चप्पल घेऊन बसले होते. "मैं करेगा." शिवून दिली, पट्टा उलट्या अंगानं. हेडमास्तर पंधरा दिवस तीच घालून तिरपे चालले. पाहुण्याचा मान होता. शाळेची घंटासुद्धा त्यायनंच हाती घेतली. त्यायच्या मनानं वाजवायचे. गणिताचा तास अकरा मिनिटात सुटला, अन् पोट्ट्यायनं त्यायले संत ठरवलं.

मी तेव्हा इंटर, म्हणजे बारावी पास, तिसरीचा तात्पुरता मास्तर. नकला करणं हा माझा खरा धंदा. एक दिवस वर्गात वाल्टर सार करून दाखवत होतो: वाकलेली पाठ, लांब ढांगा, "मैं करेगा." पोट्टे लोळून राह्यले होते. अचानक गप्प झाले. वळून पाह्यतो तं खिडकीत साक्षात सार. आत आले, माझा गुडघा धरला, अजून थोडा वाकवला, मागं सरकून पाह्यलं अन् "गुड" म्हणून निघून गेले. नक्कल सुधारायचं कामही त्यायनंच केलं.

भानगड झाली ती ताटाची.

जेवण बनवायले कौसामावशी होती, तामसीकडची, आमच्यासारखीच बौद्ध. जवारीची भाकर अन् पप्पू, म्हणजे आपलं वरण. चाळीस पोट्ट्यायचे ताटं ती एकटी घासायची, कोणाले हात लावू द्यायची नाही. वाल्टर सार मात्र शेवटचा घास गिळायच्या आत उठायचे, बोरिंगवर जाऊन आपलं ताट राखेनं घासायचे, रुमालानं पुसून ठेवायचे. मावशीनं तीन दिवस पाह्यलं. चौथ्या दिवशी चूल पेटलीच नाही.

चाळीस पोट्टे ताटं वाजवून राह्यले. हेडमास्तरनं मले धाडलं.

"काऊन वं मावशी, सयपाक?"

"त्याले सांग, माह्या हातचं धुतलेलं चालत नसन तं माह्या हातचं खाऊ नको."

"मावशी, त्या मानसाले काय समजते?"

"मले तं समजते ना? माहा बाप गावच्या हाटेलात चहा पेला का आपला कप आपन धुवे, अन् छपराच्या वाशात खोचून ठेवे. त्याचा कपच येगळा. म्या परकर घालत होती तवा, उभी राहून पाह्यलं हाय. या शाळेत आली त्याच दिवशी ठरवलं, इथं कोनी आपलं ताट आपन धुनार नाई. पोट्टं असो का साहेब."

आता हे इंग्रजीत सांगणं माझ्यावर आलं. मी म्हटलं, "सार, हर फादर, हाटेल. टी ड्रिंक. कप वॉश सेल्फ. अदर पीपल नो टच. बॅड. यू, प्लेट वॉश सेल्फ. सेम टू सेम बॅड."

सारनं तीनदा म्हणायले लावलं. तिसऱ्या खेपेले त्यायचे कान लाल झाले.

"मग तुमी धुता काऊन?" मी कसंबसं विचारलं.

ते हळूहळू बोलले, मले समजावं म्हणून. बायको जाऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी घरात एकच ताट निघते. एकदा रात्री तसंच राहू दिलं. सकाळी मोरीत ते एकटं पडलेलं पाह्यलं, अन् त्या दिवशी कामावर जाता आलं नाही. तिथून घास संपायच्या आत उठतात.

मी ते मावशीले जसंच्या तसं सांगितलं. नक्कल केली नाही.

मावशीनं नाकाले पदर लावला. म्हणाली, "उभा काय राह्यला? लाकडं आन." त्या दिवशी जेवण तीन वाजता झालं.

दुसऱ्या दिवशी सारनं घास संपवला. हात उठायले लागले तसे त्यायनं दोन्ही मांडीखाली दाबून धरले. मावशी रोज सगळ्यायच्या मागून, चुलीआड एकटी जेवायची. त्या दिवशी आपलं ताट घेऊन सरळ त्यायच्या समोर येऊन बसली.

"किती जेवते रे हा? चिमनीएवढं," असं मले म्हणून तिनं त्यायच्या ताटात अर्धी भाकर टाकली. मग स्वतः खाता खाता तामसीच्या बसचं गाऱ्हाणं सांगू लागली. सार त्यायच्याकडच्या बर्फाचं सांगत होते. मी मधात बसून अर्थ सांगायले लागलो.

"तू जाय बरं," मावशी म्हणाली. "पोट्ट्यायले शिकव."

मी वर्गात गेलो. खिडकीतून पाह्यलं तं भाकरी केव्हाच सरल्या होत्या. दोन्ही ताटं जवळजवळ पडलेली, पप्पू वाळून चिकटलेला, अन् दोघांपैकी कोणी उठायचं नाव घेत नव्हतं.