पिकल्सची ओळख निर्विवाद आहे

कॅनडातल्या विनिपेगमध्ये एप्रिलात बर्फ वितळतं आणि कुत्र्यांनी हिवाळाभर केलेलं सगळं उघडं पडतं. यंदा आमच्या इमारतीच्या समितीनं त्याचा शास्त्रीय बंदोबस्त केला होता. सप्टेंबरातच प्रत्येक कुत्र्याच्या गालात कापसाची काडी फिरवून लाळ घेतली होती. आता हिरवळीवरची विष्ठा प्रयोगशाळेत जाणार, डीएनए जुळणार आणि दोषी सापडणार. तीनदा सापडलेला कुत्रा इमारतीबाहेर जाणार. मालकानं तो काढला नाही, तर मालकाला घर विकून जावं लागणार.

एप्रिलात हिरवळीवर सापडलेले तिन्ही ताजे नमुने पिकल्सचे निघाले. पिकल्स हा आयरीन पेनर या वृद्ध बाईंचा बुटका डॅशहंड. तो ऑक्टोबरात वारला होता.

"अरे वॉरन, त्याची राख माझ्या टीव्हीशेजारी आहे!" आयरीनबाई म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष वॉरन हलुश्का यांनी सहानुभूतीनं मान हलवली. "राखेत डीएनए उरत नाही, आयरीन. ती पिकल्सची आहे हे सिद्ध करता येत नाही. विष्ठेचं तसं नाही."

"म्हणजे तो जिवंत आहे?"

"समिती तसं म्हणत नाही. तो हिरवळीवर येतो, एवढंच समिती म्हणते. त्याला बाहेर काढ."

"मेलेल्याला कुठून बाहेर काढू?"

"त्यासाठी तुला जूनपर्यंत मुदत आहे."

मग समितीनं आयरीनबाईंचं घर तपासलं. पलंगाखाली पिकल्स नव्हता, कपाटात नव्हता. त्यावरून तो लपवण्यात बाई किती तरबेज आहेत, याची नोंद झाली.

मे महिन्यात हिरवळीवर सभा भरली. आयरीनबाईंची शेजारीण क्लोडेट उठली. "वॉरन, ते ढीग बघितलेस का? एवढं पिकल्सच्या अंगात मावलंच नसतं."

"आकार ही ज्याच्या त्याच्या नजरेची गोष्ट आहे."

एवढ्यात अध्यक्षांचा सेनेटर नावाचा धिप्पाड सेंट बर्नार्ड कुत्रा डुलत डुलत आला आणि सर्वांसमक्ष, अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी, बसला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अध्यक्ष निःपक्षपाती होते. त्यांनी स्वतः तो नमुना उचलून पाठवला.

पुढच्या सभेत निकाल वाचला गेला. पिकल्स.

"डोळे चुकतात," अध्यक्ष म्हणाले. "चाचणी चुकत नाही."

"डोळे कसले चुकतात!" क्लोडेट उसळली. "लाळ घ्यायच्या दिवशी तू सगळ्या कुत्र्यांना एकाच टबात पाणी ठेवलंस. शेजारधर्म म्हणे! सेनेटरची लाळ तर नळासारखी गळते. त्याच्या मागून पिकल्स प्यायला. पिकल्सच्या तोंडात स्वतःचं काही उरलं असेल का? त्याच्या नावावर सेनेटरचीच लाळ गेली!"

"मग निकाल सेनेटरच्याही नावावर यायला हवा होता."

"यादीत पहिलं जुळणारं नाव लागलं की यंत्र थांबतं. पिकल्स यादीत आधी आहे."

"प्रक्रियेवर शंका घ्यायला नियमात जागा नाही," अध्यक्ष म्हणाले.

आयरीनबाई उठल्या. त्यांनी सेनेटरच्या गळ्यातला पट्टा धरला.

"बरोबर आहे तुझं, वॉरन. चाचणी चुकत नाही. ही शी पिकल्सची, आणि ती केली यानं. म्हणजे हाच माझा पिकल्स. नियमाप्रमाणे मी त्याला बाहेर काढते. माझं घर वाचलं."

अध्यक्षांना कुत्रा वाचवायला एकच वाक्य पुरेसं होतं: चाचणी चुकू शकते. त्यांनी तोंड उघडलं. आमच्याकडे पाहिलं. मिटलं.

मतदान झालं. समोर गाढवाएवढा सेंट बर्नार्ड लाळ गाळत उभा होता. हा बुटका डॅशहंड आहे, यावर आम्ही एकमतानं हात वर केले. क्लोडेटनंसुद्धा, मैत्रिणीचं घर वाचत होतं.

पिकल्स आता गिमली गावाजवळ आयरीनबाईंच्या भावाच्या शेतावर असतो. अध्यक्ष दर रविवारी त्याला भेटायला जातात. आसपास कोणी नसलं की ते त्याला सेनेटर म्हणून हाक मारतात, अशी कुजबूज आहे. समितीनं त्यांना समज दिली आहे.

तुम्ही हसताय. परवा बँकेत यंत्रानं तुमचा अंगठा ओळखला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत? अंगठा कपड्यांना पुसलात, खिडकीतल्या माणसाकडे पाहून ओशाळं हसलात आणि पुन्हा लावलात. यंत्र पुसून बघा, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत.