टीचर, ग खंय आसा?

"जुनो कीबोर्ड टाकू नका म्हणान मी तेव्हाच सांगितलेलंय," आपोलिना टीचर म्हणाल्या.

मुख्याध्यापक जयराम सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांच्यासमोर हायस्कुलातला एकुलता एक संगणक पासवर्ड मागत बसला होता. दहावीच्या तोंडी परीक्षेचे सगळे गुण त्याच्या पोटात होते आणि ते पाचच्या आत बोर्डाकडे गेले नाहीत, तर पोरांचे निकाल अडकणार होते. चार केव्हाच वाजून गेले होते.

कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. जुन्या कीबोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या होत्या. सर एका बोटाने अक्षर शोधायचे आणि दाबायचे. पासवर्डच्या चौकटीत नुसते काळे ठिपके उमटतात, त्यामुळे आत मराठी जातंय की इंग्रजी, हे सरांना कधी कळलं नाही आणि संगणकालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. ठरलेली बटणं ठरल्या क्रमाने दाबली की झालं. पण खाऱ्या वाऱ्याने कीबोर्ड आतून गंजला, बटणं अडकायला लागली, आणि आज सकाळी दुरुस्तीवाला दीपेश येऊन नवा कोरा कीबोर्ड लावून गेला. त्यावर फक्त इंग्रजी अक्षरं होती.

सरांनी दीपेशला फोन लावला.

"जुनो कीबोर्ड खंय आसा रे?"

"भंगारात गेलो, सर. मी आता विजयदुर्गाक आसंय. पासवर्ड चुकवलास काय?"

"मोबायलवर मराठी कीबोर्डाचो तक्तो बघून मारलंय. तो भलत्याच जातीचो निघालो. मगे दुसरो बघलंय, तोय चुकलो."

"अरे देवा! आता आणखी एकदा चुकलो, तर मशीन उद्या सकाळपर्यंत उघडूचा नाय. चोरांसाठी मीच तसा करून ठेवलंय."

सरांनी फोन ठेवला. कपाळावरचा घाम पुसला.

"माका पासवर्ड सांगा. मी मारतंय," टीचर म्हणाल्या.

शाळेची सगळी मराठी पत्रं आपोलिना टीचरच टाइप करायच्या, तीही बटणांकडे न बघता. पण संगणक उघडायचे सर, आणि तेवढा वेळ टीचरना खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागे. सर त्याला गोपनीयता म्हणत. खरं कारण वेगळं होतं. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये टीचर पाण्याच्या टाकीवरून सुरू झाल्या त्या चर्चच्या फेस्ताच्या सुट्टीपर्यंत बोलत राहिल्या आणि सरांना स्वतःचं एक वाक्य काही पुरं करता आलं नाही. त्या संध्याकाळी, जे तोंडावर बोलायची छाती नव्हती, ते त्यांनी पासवर्डात घातलं: आपोलिनागप्पबस. तेव्हापासून रोज सकाळी ही बटणं दाबताना सरांच्या जिवाला कसं गार वाटायचं.

"सांगण्यासारखो नाय तो," सर पुटपुटले.

"कित्याक? शिवी आसा?"

"तसा नाय. टीचर, तुम्ही माका फक्त सांगा, ग खंय आसा?"

टीचरनी हवेत बोटं हलवून बघितली. "माका म्हायत नाय. ह्या बोटांक म्हायत आसा. तेंका आख्खो शब्द लागता."

"बरां, मगे प?"

"सर, साडेचार झाले. पोरांचो निकाल अडकतलो."

सरांनी खुर्ची सोडली. टीचर बसल्या, चष्मा सारखा केला.

"आ," सर म्हणाले. "प ला ओकार. ल ला पहिली वेलांटी."

टीचरांची बोटं मंदावली.

"न ला काना."

ठिपके उमटले आणि टीचर गर्रकन वळल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"सर! माझा नाव? आणि मी समजत होतंय, तुमका माझो कंटाळो इलो आसतलो. माझ्या घोवान, रॉकान, होडयेक पण आपल्या आवशीचा नाव दिल्यान, माझा नाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. "अजून पुढे आसा," ते कसंबसं म्हणाले. "ग."

टक.

"प ला आणखी एक प जोडून."

टक, टक, टक. टीचरांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं.

"ब. आणि स."

"बस की बसा?" टीचरनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

बसा म्हटलं असतं तर थोडी तरी अब्रू वाचली असती. पण मशीन सकाळपर्यंत उघडलं नसतं.

"बस," सर म्हणाले.

टीचरनी एंटर दाबलं. संगणक उघडला. पाचच्या आत गुण गेले. टीचरनी पर्स उचलली आणि एक अक्षर न बोलता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या बोलल्या नाहीत. वर्गात शिकवायचं तेवढं शिकवायच्या, बाहेर आल्या की ओठ मिटलेले. सकाळी कार्यालयात यायच्या, संगणकासमोर बसायच्या आणि न सांगता तोच पासवर्ड खाडखाड मारायच्या. आता तेवढा वेळ सर खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. त्यांनी दोनदा माफीची सुरुवात केली, पण टीचर नुसती मान हलवून निघून गेल्या.

स्टाफरूममध्ये इतकं शांत झालं की समुद्र ऐकू यायला लागला. सरांना ही शांतता एक दिवस बरी वाटली. मग टाकी ओसंडून मैदानात चिखल झाला, कारण नळ बंद करा म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. खिचडी करपली. शिपाई घंटा वाजवायला विसरला आणि सातवीला गणिताचा तास दुपारपर्यंत चालला. इतकी वर्षं आपण जिला बडबड म्हणत होतो, तिच्यावर शाळा चालत होती, हे सरांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

पुढच्या सोमवारी टीचर संगणकासमोर येऊन बसल्या तेव्हा सर खिडकीकडे वळले नाहीत.

"टीचर, आज पासवर्ड बदलूचो आसा. मी सांगतंय, तुम्ही मारा. आ. प ला ओकार. ल ला पहिली वेलांटी. न ला काना."

टीचर निर्विकारपणे मारत होत्या.

"पुढे 'टीचर', आख्खो शब्द. मगे ब ला ओकार. ल ला काना."

टीचरांची बोटं थांबली. त्यांनी हळूच वर बघितलं.

"ह्यो पासवर्ड आसा, की तुम्ही माका सांगतास?"

"दोन्ही," सर म्हणाले. "माझा चुकला, टीचर. बोला."

"मगे आयका. टाकी भरान व्हावता. खिचडी खालसून लागली. आणि मागला गेट उघडा रवला म्हणान परबांची म्हस सातवीच्या वर्गात शिरली आसा."

"काय? कधी?"

"मगाशीच. पण मी गप्प बसलंय."

सर सातवीकडे धावत सुटले. एंटर टीचरनी दाबलं.